शिऱ्याची सातवी बशी

बत्तीस वर्षं मी लोकांपुढं बशा ठेवल्या. सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या एका उडपी हॉटेलात. हॉटेल आता नाही, मालकही नाहीत. अंकासाठी काहीतरी लिहा असं संपादकबाई म्हणाल्या, तेव्हा मी म्हटलं, वेटरनं काय लिहायचं? आम्ही भरलेलं आणतो आणि रिकामं नेतो. त्या म्हणाल्या, मग आणता-नेताना जे बघितलंत ते लिहा. तसं बघितलेलं भरपूर आहे. दुसऱ्याच्या ताटात डोकावायची खोड मला लहानपणापासून आहे. घरी त्यापायी मार खाल्ला आणि पुढं त्याच खोडीवर पोट भरलं.

माझं गाव सांगोल्याकडचं, घरी मेंढरं. दुष्काळाच्या वर्षी मेंढरं विकली आणि मी सोलापूरची एसटी धरली. हॉटेलचे मालक अण्णा मूळचे मंगळूरकडचे. त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, फक्त कन्नड येतं का ते विचारलं. मी म्हटलं, समजतं. तेलुगू? म्हटलं, शिकेन. सोलापुरात वेटरला साडेतीन भाषा लागतात. व्यापाऱ्यांशी कन्नड, विणकरांशी तेलुगू, उरलेल्यांशी मराठी, आणि टांगेवाल्यांशी भांडायला अर्धी दखनी उर्दू.

त्या वर्षी लोक चहा प्यायला यायचे ते खरं म्हणजे पाणी प्यायला. चहाआधी एक पेला, नंतर एक. अण्णांनी नियम केला होता की दुसरा पेला मागितल्याशिवाय द्यायचा नाही, आणि मागितला तर तोंड वाकडं करायचं नाही. एक म्हातारे गृहस्थ घरून आपलं पाणी तांब्यात आणायचे. आमच्या पाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता म्हणून नव्हे, आमचं कमी होऊ नये म्हणून.

हॉटेलात माणूस जसा दिसतो तसा घरी दिसत नसावा, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात काम करणारा एकजण फडक्यात कडक भाकरी बांधून आणायचा आणि नुसतं सांबार मागायचा. बाहेरचं खाणं आणू नये अशी पाटी भिंतीवर होती. अण्णांनी त्याला पाटीखालचंच टेबल दिलं, म्हणजे बसल्यावर पाटी त्याच्या डोक्यामागं जायची आणि दोघांचीही अडचण मिटायची. एक विणकर नवरा-बायको सुट्टीच्या दिवशी येऊन दोघांत एक मसाला डोसा घ्यायचे. ती आतली भाजी खायची, तो कुरकुरीत कडा खायचा. मला आधी वाटलं, बिचारे पैसे वाचवतात. एकदा त्यांनी दोन डोसे मागवले, तेव्हा तिनं दोन्हीतली भाजी खाल्ली आणि त्यानं दोन्हीच्या कडा. तेव्हा कळलं की त्यांची आवडच तशी वाटली गेली होती. असलं काही कळलं की माझा दिवस चांगला जायचा.

पण माझा खरा जीव रमायचा तो फॅमिली रूममध्ये. हल्लीच्या पोरांना हे सांगावं लागतं. तेव्हा बाईमाणूस समोरच्या हॉलमध्ये चार पुरुषांत बसून खात नसे. म्हणून मागच्या बाजूला लाकडी फळ्या ठोकून चार खोल्या केल्या होत्या. फळ्या छतापर्यंत जात नव्हत्या, त्यामुळं दिसायचं काही नाही आणि ऐकू सगळं यायचं. दाराच्या जागी पडदा. आत शिरण्याआधी खोकायचं, एक क्षण थांबायचं आणि मगच पडदा सारायचा. आत गेल्यावर नजर टेबलावर ठेवायची, तोंडावर नाही. कोणी काय मागवलं, कोण कोणाबरोबर आलं, हे बाहेर बोलायचं नाही. हे अण्णांचे नियम.

खोल्यांना सुरुवातीला पत्र्याचे नंबर होते. पण तीन नंबरमध्ये कोणी बसेना. तीन तिगाडा, काम बिगाडा. शुभकामाला आलेली माणसं दाराशी थबकायची, नंबर बघायची आणि मागं फिरायची. वैतागून अण्णांनी चारही नंबर काढून टाकले. पडदे सोलापुरी चादरींचे होते, प्रत्येकाची नक्षी वेगळी. मग तीच नावं पडली. वेल, मोर, कमळ आणि चौकडी. गल्ल्याजवळच्या पाटीवर खडूनं लिहायचं, ‘वेल, दोन उत्तप्पा’, की आत भटांना कळायचं आणि आम्हालाही. वासुदेव भट म्हणजे आमचे मुख्य आचारी.

आता शुभकामाचं सांगतो. मुलगी बघायचा कार्यक्रम मुलीच्या घरी व्हायचा ही रीत. पण घर एका खोलीचं आणि गल्ली डोळे लावून बसलेली असेल, तर नकार आला की तो सगळ्या गल्लीला कळतो. म्हणून शहाणी माणसं आमच्या हॉटेलात यायची. डोसे-इडल्या व्हायच्या, मुलीला दोन प्रश्न विचारले जायचे. होकार-नकार मात्र कोणी कोणाच्या तोंडावर सांगत नसे. त्यासाठी एक रीत पडून गेली होती. कोणी पाडली कोण जाणे, मी आलो तेव्हा ती होतीच. मुलाकडचं वडीलधारं माणूस हात धुवायच्या निमित्तानं बाहेर यायचं. मुलगी पसंत असली की ते वेटरच्या कानाशी सांगायचं, काहीतरी गोड आणा. नसली की सांगायचं, कॉफी आणा. टेबलावर गोड आलं की मुलीचा बाप हात जोडायचा. कॉफी आली की तो घाईघाईनं फुंकून प्यायचा, म्हणजे लवकर उठता येईल. एक शब्द न बोलता लग्नं जमायची किंवा मोडायची, आणि बातमी आणायचो आम्ही.

शैला अशी चार वेळा आली होती. तिचं खरं नाव दुसरं आहे, इथं शैला म्हणू. वडील कापडाच्या दुकानात गुमास्ते होते, अतिशय सौम्य माणूस. ती नगरपालिकेच्या शाळेत बायकांना शिवण शिकवायची. रंगानं सावळी, उंच, आणि विचारलं तेवढंच बोलणारी. चारही वेळा कॉफी मीच नेली होती. पहिल्यांदा तिनं मान वर करून ट्रेकडं बघितलं होतं. चौथ्यांदा बघितलंही नाही, पाऊल वाजल्यावरच समजून गेली आणि आत्याची पिशवी उचलून हातात घेतली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नजर टेबलावर ठेवायची हा नियम मी इतका मोडला होता की त्या पोरीच्या बोटांवरची सुई टोचल्याची खूणसुद्धा मला पाठ होती.

आता त्या दिवसाची गोष्ट. महिन्यातून एकदा पडदे धुतले जायचे. चादरीचं कापड जड, वाळायला दुपार व्हायची. वाळलेले पडदे दुपारी मीच टांगले. टांगताना मोर आणि कमळ यांची अदलाबदल झाली. दुसऱ्या खोलीचा मोर तिसरीला गेला आणि तिसरीचं कमळ दुसरीला. माझ्या ते गावीही नव्हतं. मी टांगले आणि पुढच्या हॉलमध्ये कामाला गेलो.

त्याआधी, सकाळी, येमूल येऊन गेले होते. येमूल गिरणीत जॉबर, म्हणजे मागावरच्या माणसांचे मुकादम. मुलगा मॅट्रिक पास झाला म्हणून त्यांनी अण्णांना सांगून ठेवलं, संध्याकाळी साडेपाचला घरची सात माणसं येतो, नेहमीची मोराची खोली ठेवा, आणि आल्याबरोबर सात बशा शिरा हवा. अण्णांनी पाटीवर लिहिलं, ‘मोर, साडेपाच, सात शिरा’. मी तेव्हा बाजारात भाजी आणायला गेलो होतो. मला यातलं काही माहीत नव्हतं.

संध्याकाळी येमूल मंडळी आली आणि सवयीनं दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. पडद्यावर मोर आहे की कमळ, हे रोजचा माणूस कशाला बघतो? तिसऱ्या खोलीत, मोराच्या पडद्यामागं, आधीपासून एक मंडळी बसली होती. त्यांच्या इडल्या दुसऱ्या वेटरनं दिल्या होत्या. साडेपाचला भटांनी ट्रे माझ्यापुढं सरकवला आणि पाटीकडं बोट केलं. मी मोराशी गेलो, खोकलो, थांबलो, पडदा सारला.

आत शैला होती. एका बाजूला तिचे वडील आणि आत्या. समोर भुसार बाजारातले कोरेशेठ, त्यांची बायको आणि त्यांचा मुलगा. कोरेशेठ नुकतेच हात धुऊन परतले होते, रुमालाला पुसत होते. आणि माझ्या हातात शिरा.

खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की मी काही विचारच केला नाही. मनात एवढंच आलं की पाचव्यांदा का होईना, गोड आलं. मी पहिली बशी शैलापुढं ठेवली. असं कधी करत नसतात, पहिली बशी मुलाच्या बापापुढं जायला हवी. मग बाकीच्यांपुढं ठेवल्या. शैलाच्या वडिलांनी बशीकडं बघितलं आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते सगळ्यांना दिसलं. कोरेशेठांनी बायकोकडं बघितलं. बायकोनं त्यांच्याकडं बघितलं. मुलगा खाली बघून हसला.

सहा माणसं होती. ट्रेमध्ये सातवी बशी उरली.

मी त्या बशीकडं बघत उभा राहिलो. तेवढ्यात फळीपलीकडून येमूलांचा आवाज आला, “ओ मारुती, आमचा शिरा कुठं गेला बाबा? साडेपाच म्हटलो होतो की.”

सगळं एकदम कळलं, अगदी दुपारचे पडदेसुद्धा. अजून कोणी चमचा उचलला नव्हता. ‘माफ करा, चुकून आलं’ एवढे चार शब्द म्हणायचे आणि बशा परत ट्रेमध्ये ठेवायच्या. आमच्या धंद्यात चुकीची बशी परत उचलणं काही नवीन नाही. पण ही बशी शैलाच्या बापाच्या जोडलेल्या हातांपुढून उचलायची होती. माझा हात पुढं झाला आणि तिथंच थांबला. तेवढ्यात शैलानं चमचा घेतला आणि एक घास खाल्ला. मग आत्यानं खाल्ला. मग सगळ्यांनीच खाल्ला. मी सातवी बशी घेऊन बाहेर आलो.

भटांनी मला कानडीत जे काही ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. रवा पुन्हा भाजून, पुन्हा शिरा होईपर्यंत येमूल मंडळी पाणी पीत बसली. मी त्यांना सांगितलं, शिरा खाली लागला म्हणून दुसरा टाकलाय. येमूल म्हणाले, एवढा वेळ, पोरगा तोवर बीए होईल की. त्याच संध्याकाळी मी अण्णांना खरं सांगितलं. मला वाटलं, नोकरी गेली. अण्णांनी पाटीवरची मोराची ओळ पुसली. मग म्हणाले, “पानात पडलं ते पडलं. आता तू तोंड उघडू नको.”

तोंड उघडायची वेळ दुसऱ्याच दिवशी आली. सकाळी अकराला कोरेशेठ एकटेच आले आणि समोरच्या हॉलमध्ये माझ्याच टेबलावर बसले. साधा डोसा मागवला. मी बशी ठेवली तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

“काल त्यो शिरा कुणी सांगितला हुता?”

मी म्हटलं, कुठला शिरा? ते म्हणाले, “येड्याचं सोंग घेऊ नको. मी हात धुवायला गेलो हुतो खरं, पण काय बी सांगितलं नव्हतं. माझा इचार अजून व्हायचा हुता.”

मला आजही तो क्षण आठवतो. चूक दुरुस्त करायची संधी देवानं दुसऱ्यांदा समोर आणून ठेवली होती. खरं सांगितलं असतं तर शेठ मोकळे झाले असते. आणि शैला सहाव्यांदा त्या खोलीत येऊन बसली असती, किंवा तिच्या बापानं आणणंच सोडून दिलं असतं. दुसऱ्या बाजूनं, ज्या घराचा विचार व्हायचा होता त्या घरात मी तिला ढकलत होतो. हुंड्यासाठी छळलं तर? रोज बोलून दाखवलं तर? हे सगळं मनात येईपर्यंत जीभ बोलून गेली.

“मालक, खोलीत कुणी काय मागवलं ते आमी भाईर सांगत न्हाई. तसा नियम हाय हितला.”

शेठनी मनगट सोडलं. “म्हंजे आमच्या हिनंच सांगितला. मी उठलो तवा.” थोडं थांबून हसले. “इतकी वर्सं झाली, अजून मला इचारत न्हाई बघ.” आणि डोसा खायला लागले.

मी खोटं बोललो नव्हतो. नियम खरोखरच होता. पण नियमाच्या आड उभं राहून केलेलं ते खोटंच होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कोरीणबाईंनी शेठना विचारलं असेल का, तुम्ही का सांगितलात? की त्यांनाही वाटत राहिलं, यांनीच सांगितला? मला याची फार उत्सुकता होती, पण ते कळायला मार्ग नव्हता. महिन्याभरात साखरपुडा झाला आणि पुढं लग्नही झालं.

दोन वर्षं मी भीत होतो. सकाळी पेपर आला की स्टोव्हच्या भडक्याच्या बातम्या आधी वाचायचो. मग भीती ओसरली आणि तिच्या जागी फुशारकी आली. नवीन वेटर आला की त्याला मी सगळं शिकवून झाल्यावर ही गोष्ट सांगायचो. आपल्या एका चुकीनं एका पोरीचं कल्याण झालं, असा तिचा शेवट करायचो. खोलीतलं बाहेर बोलायचं नाही हा नियम मी असा मोडला, आणि त्याचं मला काही वाटलंही नाही.

पाचेक वर्षांनी एका दुपारी शैला हॉटेलात आली. एकटी. हातात कापडांचं गाठोडं. मी मागच्या खोल्यांकडं हात केला, तर ती म्हणाली, इथंच बसते. आणि समोरच्या हॉलमध्ये, पंख्याखाली, चार पुरुषांत बसली. तोपर्यंत अधूनमधून बायका बसायला लागल्या होत्या, पण एकटी बसलेली मी पहिल्यांदा बघितली. तिनं कॉफी मागितली. मला ते टोचलं. कॉफी ठेवून मी तिथंच घोटाळलो. ख्यालीखुशाली विचारली. शिवणाची नोकरी सासऱ्यांनी सोडायला लावली होती, पण आता गिरणी कामगारांच्या बायकांसाठी घरातच क्लास काढला होता. एक मुलगा होता. नवरा दुकान बघतो. कसा आहे, हे मी विचारलं नाही. पण माझ्या तोंडावर दिसलं असणार.

ती म्हणाली, “बरे हायत ते. वाईट न्हाईत.”

मग मला राहवेना. मी म्हटलं, ताई, एक सांगायचंय. त्या दिवशीचा तो शिरा...

“दुसऱ्यांचा हुता,” ती म्हणाली. “मला तवाच कळलं की. पलीकडून आवाज आला, आन् तुमी बशी उचलायला हात पुढं केला. म्हणून तर मी आधी खाल्लं.”

मी वेड्यासारखं विचारलं, म्हणजे मुलगा आवडला होता?

“त्याच्याकडं मी धड बघितलंच नव्हतं, मारुतीभाऊ. मला फकस्त तिथं पुन्यांदा येऊन बसायचं नव्हतं.”

तिनं कॉफी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि गाठोडं घेऊन गेली. मी टेबल पुसत राहिलो. पाच वर्षं मी समजत होतो की त्या खोलीत जे झालं ते माझ्या हातून झालं. आधी त्याचं पाप माझं, मग पुण्यही माझं. चार वेळा तिच्यासमोर कॉफी ठेवताना मी तिचं तोंड न्याहाळलं, तिच्या बोटांवरच्या सुईच्या खुणा पाठ केल्या, पण ती तिथं बसून काही ठरवत असेल, असं एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. इतका चौकस म्हणवणारा मी, आणि मला हे दिसलं नाही. त्यानंतर ती गोष्ट मी कोणाला सांगितली नाही.

आता लिहायला बसलो तेव्हा हीच आधी आठवली. पण न विचारता लिहिणं बरं वाटेना. पत्ता काढून तिच्या घरी गेलो. केस पांढरे झालेत. बाहेरच्या खोलीत यजमान पेपर वाचत होते, त्यांनी उठून मला खुर्ची दिली. मी येण्याचं कारण सांगितलं. नाव बदलेन म्हटलं. तिनं चष्मा काढून पदराला पुसला.

“लिहा की,” ती म्हणाली. “फकस्त मी बिचारी हुते असं लिहू नका.”

मी कबूल केलं. लिहिताना शक्य तेवढी काळजी घेतली आहे. तरी कुठं तसं उतरलं असेल, तर ती चूक माझी आहे आणि वाचकांनी तेवढं खोडून वाचावं.